आंतरधातू संयुगांची फॉर्मेशन एन्थाल्पी कशी मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सातपूरच्या एका शेडमध्ये आमचा ड्रॉप कॅलरीमीटर आहे, म्हणजे तापलेल्या भट्टीत नमुना टाकून उष्णता मोजायचं यंत्र. तो बघायला इंजिनिअरिंगची पोरं येतात, हीट ट्रीटमेंटवाले येतात, एकदा तर सराफ बाजारातले एक काका आले होते. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

आंतरधातू संयुग म्हणजे मिश्रधातूच ना?

नेहमी नाही. तांब्यात थोडं जस्त घातलं की जस्ताचे अणू तांब्याच्या रांगेत मिळेल तिथे बसतात. आपलं रोजचं पितळ हे बहुतेक असलंच, साखर विरघळावी तसं. आंतरधातू संयुगात मात्र जागा ठरलेल्या असतात. निकेल ॲल्युमिनाइडमध्ये घनाच्या आठ कोपऱ्यांवर निकेल आणि मधोमध ॲल्युमिनियम, आणि त्यांनी जागा बदलली तर स्फटिकाला ते महागात पडतं. म्हणून ही संयुगं बहुधा कडक आणि ठिसूळ असतात, आणि काहींचा वितळणबिंदू मूळ धातूंपेक्षाही वर जातो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, निकेल १४५५ला, आणि दोघांचं एकास एक संयुग १६४०च्या आसपास.

उदाहरण घरातच हवं असेल तर कल्हई बघा. जुन्या नाशकात तांबट आळीच्या बाजूला कल्हईवाला बसलेला दिसला तर पाच मिनिटं थांबा. भाता चालतो, पातेलं तापतं, नवसागराचा पांढरा धूर उठतो, कथिलाची कांडी टेकवली की ते पाण्यासारखं पळतं आणि कापसाच्या बोळ्यानं तो ते आतून फिरवतो. ते कथिल तांब्यावर नुसतं चिकटलेलं नसतं. मधल्या अगदी पातळ थरात तांबं आणि कथिल यांची दोन संयुगं तयार झालेली असतात: एकात सहा तांब्याला पाच कथिल, दुसऱ्यात तीन तांब्याला एक कथिल. कल्हई धरते ती त्या थरामुळे.

मग फॉर्मेशन एन्थाल्पी म्हणजे काय?

शुद्ध मूलद्रव्यांपासून संयुग होताना दाब कायम ठेवला तर जेवढी उष्णता बाहेर पडते किंवा आत जाते, ती. बाहेर पडली तर आकडा उणे. निकेल ॲल्युमिनाइडचा आकडा उणे ६० किलोजूल प्रति मोल अणू याच्या जवळपास आहे (मोल म्हणजे अणू मोजायचा ठरलेला गठ्ठा), टायटॅनियम-निकेलच्या एकास एक संयुगाचा उणे ३४च्या आसपास, आणि कल्हईतल्या त्या दोन संयुगांचा जेमतेम उणे ७-८. भट्टीच्या धगीपुढे ते ७-८ किलोजूल कल्हईवाल्याला जाणवणारही नाहीत.

उणे चिन्ह म्हणजे काहीतरी कमी पडलं का?

नाही. दोन धातू वेगळे राहण्यापेक्षा एकत्र आल्यावर ऊर्जेने खाली उतरले, एवढाच त्याचा अर्थ. जितका मोठा उणे आकडा तितकी त्यांची गाठ पक्की.

एकाच संयुगाचे तीन पुस्तकांत तीन आकडे का दिसतात?

शंभरातल्या नव्वद वेळा घोडं एककाशी पेंड खातं. तीन निकेलला एक ॲल्युमिनियम असं जे संयुग आहे त्याचा आकडा कुणी उणे ३८ देतो, कुणी उणे १५२. दोघंही बरोबर. पहिल्याने एक मोल अणूंमागे सांगितलं, दुसऱ्याने चार अणूंच्या अख्ख्या सूत्रामागे. जुन्या तक्त्यांत कॅलरी असते, तिथे ४.१८४ ने गुणायचं. संगणकवाले इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू देतात, तिथे ९६.४८५ ने. माझा आग्रह नेहमी ‘प्रति मोल अणू’चा, कारण तसं लिहिलं की तीन-एक, एक-एक, एक-दोन अशी सगळी संयुगं एका रांगेत तोलता येतात. अहवालात नुसतं ‘किलोजूल प्रति मोल’ लिहून आणलं तर मी तो वाचत नाही, परत देतो.

उरलेल्या दहा वेळा आकडे खरोखरच वेगळे असतात. त्याबद्दल पुढे.

याचा उपयोग काय? नाशिकमध्ये कुणाला लागतं हे?

थेट असं फार कुणाला लागत नाही, खोटं कशाला बोलू. पण मिश्रधातू बनवण्याआधी कोणत्या तापमानाला कोणती प्रावस्था, म्हणजे अणूंची कोणती मांडणी, स्थिर राहील याचे नकाशे संगणकावर काढतात, त्या पद्धतीला कॅलफॅड म्हणतात, आणि त्या गणिताच्या पायात असे मोजलेले आकडे असतात. जेट इंजिनाच्या गरम भागातली निकेलची पाती टिकतात ती त्यांच्यात बारीक चौकोनी दाण्यांसारखं पसरलेलं तीन-एक निकेल ॲल्युमिनाइड असल्यामुळे. जवळच ओझरला सुखोई विमानं जुळतात म्हणून पोरं लगेच तिकडे बोट दाखवतात. विमान ओझरचं, इंजिन मात्र ओडिशातल्या कोरापूटहून येतं. दातांच्या तारेतलं टायटॅनियम-निकेल, हायड्रोजन साठवणारं लँथेनम-निकेल, चिप्समधल्या सोल्डरच्या जोडांत वाढणारे थर, सगळीकडे हाच विषय.

प्रत्यक्ष मोजतात कसं?

आमच्याकडे वापरतो ती थेट संश्लेषणाची पद्धत. शिकागो विद्यापीठातले ओले क्लेप्पा, जन्माने नॉर्वेचे, यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरून कितीतरी संयुगं मोजली. तिची गंमत अशी की दोन थेंब टाकायचे आणि वजाबाकी करायची. ‘थेंब’ म्हणजे इथे चिमुकली गोळी.

समजा निकेल ॲल्युमिनाइड मोजायचं आहे. पाच ग्रॅमच्या मिश्रणासाठी ३.४२५ ग्रॅम निकेलची भुकटी आणि १.५७५ ग्रॅम ॲल्युमिनियमची भुकटी तोलायची. खलात चांगली एकजीव करायची, पण फार रगडायचं नाही, कारण काही जोड्या खलातच सुरू होतात. मग छोट्या साच्यात दाबून चार मिलिमीटरच्या गोळ्या पाडायच्या, प्रत्येकी साधारण ०.१ ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.

कॅलरीमीटर आधीपासून १२०० अंश सेल्सियसला, म्हणजे १४७३ केल्विनला, स्थिर ठेवलेला असतो. आत बोरॉन नायट्राइडची मूस, वरून आर्गॉनची संथ धार. तो आर्गॉनही आधी तापलेल्या टायटॅनियमच्या किसावरून नेतो, म्हणजे उरलासुरला ऑक्सिजन तिथेच अडकतो. खोलीच्या तापमानाची गोळी नळीतून सोडायची. ती खाली पडते, तापते, पेट घेते, संयुग होतं. मुशीभोवती थर्मोकपलांची, म्हणजे तापमानाच्या फरकातून व्होल्टेज देणाऱ्या तारांच्या जोडांची, माळ असते. तिच्यातून येणारा व्होल्टेज आलेखावर डोंगरासारखा चढतो आणि हळूहळू उतरतो. डोंगराखालचं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता.

पण या उष्णतेत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: संयुग होताना सुटलेली, आणि गोळी १२०० अंशांपर्यंत तापायला लागलेली. म्हणून तयार झालेलं संयुग बाहेर काढायचं, थंड करायचं आणि तेच परत सोडायचं. आता संयुग होण्याचा प्रश्न नाही, फक्त तापणं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरते ती खोलीच्या तापमानाची फॉर्मेशन एन्थाल्पी. ढोबळ आकड्यांत सांगायचं तर ०.१ ग्रॅमची गोळी पहिल्या वेळी ६५ जूल देते, दुसऱ्या वेळी ७५ जूल घेते. उणे ६५ वजा ७५ म्हणजे उणे १४० जूल. गोळीत २.३३ मिलिमोल अणू आहेत, भाग द्या, उणे ६० किलोजूल येतं.

हे सगळं चालतं ते हेसच्या नियमावर. १८४० साली मांडला गेला: सुरुवात आणि शेवट ठरलेले असले की वाट कुठलीही घ्या, उष्णतेचा एकूण हिशेब तोच.

क्षेत्रफळाचे जूल कसे करता? कॅलिब्रेशनला तांबट आळीतली तार चालेल का?

कॅलिब्रेशन तांब्यानेच करतात, म्हणून हा प्रश्न नाशिकमध्ये हटकून येतो. शुद्ध तांब्याचे तुकडे त्याच नळीतून सोडायचे. खोलीच्या तापमानापासून १४७३ केल्विनपर्यंत नेताना, मध्ये १०८५ अंशांना ते वितळतं तो खर्च धरून, एक मोल तांबं साधारण ४६.५ किलोजूल घेतं. म्हणजे ०.१ ग्रॅमला सुमारे ७३ जूल, आपल्या नमुन्याच्याच पंक्तीतला आकडा. कॅलिब्रेशन असंच असावं, मोजायच्या वस्तूच्या अंगाचं.

भांड्याचा पत्रा नको. त्यात मोडीचं तांबं असू शकतं, मोडीबरोबर डाख आणि कथिल येतं. विजेच्या चांगल्या तारेचं तांबं चालतं, पण मोटर वाइंडिंगची असेल तर तिच्यावरचं एनॅमल पूर्ण काढून, सौम्य आम्लात बुडवून, धुऊन, कोरडी करून. एनॅमल राहिलं तर १२०० अंशांना ते जळतं आणि तुमचं कॅलिब्रेशनही त्याच्याबरोबर.

नाशिकच्या हवेचा परिणाम होतो का?

होतो, पण लोक समजतात तिथे नाही. तक्त्यातला आकडा २५ अंशांचा असतो. मे महिन्यात दुपारी आमच्या शेडमध्ये ३८ आणि जानेवारीत सकाळी १५ असतं. पहिला थेंब मेमध्ये आणि दुसरा जानेवारीत टाकला, आणि दुरुस्ती केली नाही, तर २३ अंशांचा फरक गुणिले साधारण २५ जूल, म्हणजे अर्ध्या किलोजूलहून थोडी जास्त चूक. दोन्ही थेंब एकाच खोलीतल्या एकाच तापमानाला टाकले तर ती जवळजवळ नाहीशी होते, कारण संयुगाची उष्माधारकता बहुधा घटकांच्या बेरजेच्या जवळच असते.

खरा त्रास पावसाळ्याचा. त्र्यंबककडून सर आली की शेडमध्ये कागदसुद्धा मऊ पडतो, आणि भुकटी तर दमटपणा ओढायलाच बसलेली. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, आणि त्याहून वाईट म्हणजे लँथेनमसारखे धातू. त्यांच्या भुकटीच्या बाटल्या घेऊच नयेत असं माझं मत आहे. ठोकळा घ्यावा आणि लागेल तेवढा आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, कानशीने घासून काढावा. आणि जुलैत विजेचा दाब अचानक वरखाली झाला की बेसलाइन, म्हणजे गोळी नसतानाची आलेखाची सपाट रेघ, तासभर झोके घेत राहते, तेव्हा चहा प्यायला जावं.

सहा वेळा मोजलं, सहाही आकडे जुळले. आता पेपर लिहू का?

थांबा. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा.

काही वर्षांपूर्वी एम.एस्सी.चा एक विद्यार्थी माझ्याकडे टायटॅनियम-निकेल मोजत होता. पोरगा हाताचा स्थिर. सहा गोळ्या, सहाच्या सहा उणे २९ आणि उणे ३१ यांच्या मध्ये. प्रसिद्ध आकडा उणे ३४च्या आसपास, आणि त्याला वाटलं आपण जुन्या लोकांना चुकीचं ठरवलं. मलाही त्याचे आलेख बघून मोह झाला, कबूल करतो. मग गोळी फोडून तिचा एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे आत कोणकोणते स्फटिक आहेत ते ओळखायची चाचणी, पुण्याहून करून आणला. आलेखात हवी ती शिखरं होती, पण शेजारी दोन टायटॅनियमला एक निकेलवाल्याची होती, तीन निकेलला एक टायटॅनियमवाल्याची होती, आणि कोपऱ्यात नुसतं निकेल गप्प बसलेलं. आम्ही सहा वेळा अचूक मोजलं होतं, पण एका खिचडीचं. सहाही गोळ्या एकाच जाड भुकटीच्या, म्हणून सहाही सारख्याच अर्धवट.

बारीक चाळणीची भुकटी घेतली, गोळ्या जास्त दाबल्या, आत जास्त वेळ ठेवल्या, आणि आकडा खाली सरकला. जुळणारे आकडे एवढंच सांगतात की तुम्ही तीच गोष्ट परत परत केलीत. ती कोणती गोष्ट होती हे एक्स-रे सांगतो, आणि शंका उरली तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ज्या गोळीचा आकडा वहीत जातो, तिच्याच शेजारी तिच्या एक्स-रेचा कागद डकवायचा. कागद नाही, तर आकडा पेन्सिलने.

चूक किती धरायची?

पहिल्या थेंबांच्या आकड्यांचा विखुरलेपणा, दुसऱ्या थेंबांच्या आकड्यांचा विखुरलेपणा आणि कॅलिब्रेशनचा विखुरलेपणा, तिघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ. पहिला १.०, दुसरा ०.८ असेल तर १.३, त्यात कॅलिब्रेशन मिळवा. चांगल्या कामात एक ते दोन किलोजूल प्रति मोल अणू. कुणी ०.१ लिहून आणलं तर आधी कॅल्क्युलेटर तपासा.

आमच्या कॉलेजात एवढं यंत्र नाही. थर्मासमध्ये आम्लात विरघळवून मोजता येईल?

येईल, आणि शिकायला याहून चांगलं काही नाही. फक्त पदरात काय पडेल ते आधी समजून घ्या.

एका मॅग्नेशियमला दोन जस्त असं संयुग घ्या. ते आम्लात सहज विरघळतं. मॅग्नेशियम वेगळं विरघळवा, जस्त वेगळं विरघळवा, मग संयुग विरघळवा, आणि फरक काढा. एक मोल मॅग्नेशियम विरघळताना ४६७ किलोजूल देतं, दोन मोल जस्त मिळून ३०८. बेरीज ७७५. आणि या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून तुम्हाला जे हवंय ते पूर्ण सूत्रामागे तीस-चाळीस किलोजूल. थर्मामीटरने एक टक्का चूक केली की आठ किलोजूल गेले, म्हणजे उत्तराचा पाचवा-चौथा हिस्सा.

लासलगावला कांद्याची ट्रॉली ड्रायव्हरसकट काट्यावर घ्यायची, मग ड्रायव्हरला उतरवून परत तोलायची, आणि फरकातून ड्रायव्हरचं वजन सांगायचं, तसला हा प्रकार. काटा चांगला असेल तर उत्तर येतंही. पण ड्रायव्हरला घरच्या काट्यावर उभं करणं केव्हाही बरं, आणि वरची दोन थेंबांची पद्धत म्हणजे तेच.

करायचंच असेल तर दोन सूचना. बाहेर येणारा हायड्रोजन आपल्याबरोबर पाण्याची वाफ नेतो, तिचा हिशेब धरा. आणि हायड्रोजनच्या आसपास बर्नर, उदबत्ती, काहीही पेटतं नको. मॅग्नेशियम वितळवताना पेटलं तर त्यावर पाणी अजिबात टाकायचं नाही.

पितळाचं काय? आपल्याकडे पितळाची एवढी परंपरा.

पितळ १२०० अंशांच्या कॅलरीमीटरमध्ये टाकू नका. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं. गोळी आत पोचेपर्यंत जस्त वाफ होऊन नळीच्या थंड भागावर पांढरं बसलेलं असेल. ती नळी साफ करायला आमचा एक आठवडा गेला होता, म्हणून सांगतो.

त्यासाठी वितळलेल्या कथिलाची पद्धत. काही शे अंशांवर ठेवलेल्या कथिलाच्या डोहात तांबं सोडा, जस्त सोडा, मग दोघांचं संयुग सोडा. आम्लासारखंच गणित, पण कथिलात विरघळण्याची उष्णता बरीच लहान असते, म्हणून वजाबाकी दयाळू. निम्मं जस्त असलेल्या बीटा पितळाचा आकडा उणे दहा-बाराच्या आसपास येतो. जास्त वर वितळणाऱ्या संयुगांसाठी कथिलाऐवजी वितळलेलं ॲल्युमिनियमही वापरतात.

उष्णता न मोजता एन्थाल्पी काढता येते म्हणतात, ते कसं?

विजेच्या सेलने. एका बाजूला शुद्ध धातू, दुसऱ्या बाजूला त्याचं संयुग, मध्ये घन इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहू देणारा घन पदार्थ. कियुक्कोला आणि वागनर यांनी १९५७ मध्ये असे सेल रूढ केले, आणि आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. टी. जेकब यांनी या शाखेत अनेक दशकं काम केलं. व्होल्टेजवरून मुक्त ऊर्जा (बदल आपोआप होईल का ते ठरवणारी) मिळते, आणि ती फार सुरेख मिळते: ॲल्युमिनियमसारख्या तीन इलेक्ट्रॉनच्या धातूला एक मिलिव्होल्टची चूक म्हणजे फक्त ०.२९ किलोजूल. एन्थाल्पी मात्र तापमानाबरोबर व्होल्टेज किती बदलतो त्या उतारावरून काढावी लागते, आणि तिथे १००० केल्विनला उतारात प्रति केल्विन मिलिव्होल्टच्या शंभराव्या भागाची चूक म्हणजे दहा मिलिव्होल्ट, सुमारे तीन किलोजूल. त्यामुळे मुक्त ऊर्जेसाठी सेल, एन्थाल्पीसाठी कॅलरीमीटर, अशी माझी सरळ वाटणी आहे. वाफेचा दाब मोजूनही काढतात. त्यातही हीच उताराची अडचण.

संगणकावर डीएफटीने निघतंच की. मोजायचं कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुधा लॅपटॉप असतो. डीएफटी म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढायचं संगणकी गणित. त्याचे आकडे चांगले असतात, अनेक संयुगांना प्रयोगापासून काही किलोजूलवरच, आणि ते शून्य केल्विनचे असतात. त्याआधी, १९७०च्या दशकात, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत मीडेमा यांनी प्रत्येक धातूला दोन-तीन आकडे चिकटवून साध्या सूत्रातून अंदाज काढायची युक्ती शोधली होती. ती आजही पाठकोऱ्या कागदावर चालते, चिन्ह बहुधा बरोबर देते.

मी दोन्ही वापरतो, मोजण्याआधी. आकडा कुठे पडावा हे माहीत असलं की खिचडी लवकर ओळखू येते. पण मॉडेलचे घोडे तपासायला शेवटी कुणीतरी गोळी सोडलेली लागतेच. टंगस्टन किंवा ऱ्हेनियमसारख्या, १२०० अंशांना हलायलाही तयार नसलेल्या धातूंना मात्र मीही संगणकाकडेच पाठवतो.

जांभळं सोनं खरं असतं का?

हे सराफ काकांचं. खरं असतं. एका सोन्याला दोन ॲल्युमिनियम असं आंतरधातू संयुग आहे, वजनाने साडेअठ्ठ्याहत्तर टक्के सोनं, म्हणजे अठरा कॅरेटच्या थोडं वर, आणि रंग खरोखर जांभळा. पण ठिसूळ. हातोडीने पत्रा होणार नाही, तार ओढता येणार नाही, बांगडी तर विसराच. खड्यासारखं घासून कोंदणात बसवतात. चिप्समध्ये सोन्याची तार ॲल्युमिनियमवर जोडली की तिथेही हे उगवतं आणि जोड खराब करतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोडीला घेतील का?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडेच असायला हवं होतं.

बघायला कधी यावं?

सकाळी आठच्या आत. भट्टी रात्रभर चालू असते आणि सकाळी बेसलाइन सगळ्यात शांत असते. चप्पल घालून आलात तर दारातूनच बघावं लागेल, बूट हवेत. नायलॉनची ओढणी किंवा जॅकेट नको. स्वतःचा नमुना आणणार असाल तर तो किमान दोन ग्रॅम असू द्या, आणि त्याचा एक्स-रेचा कागद बरोबर आणा.